त्याचा वकील कोणता, हे त्याला माहीत नव्हतं

प्रति,
मा. अध्यक्ष व सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जळगाव, धुळे आणि नंदुरबार,
तिन्ही जिल्ह्यांच्या लोकअभिरक्षक कार्यालयांतले वकील,
आणि जिल्हा व तालुका वकील संघांचे सभासद

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त आश्रमशाळा शिक्षक आहे. मूळचा शिंदखेडा तालुक्यातला, घरची बोली अहिराणी. पण नोकरीची एकतीस वर्षं सातपुड्यात गेली, बहुतेक धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत. मुलांनी मला पावरी शिकवली, मी त्यांना मराठी. त्या पावरीमुळे मला अधूनमधून कोर्टातून दुभाषा म्हणून बोलावणं यायचं. दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. जे ऐकलं तेच सांगायचं, पदरचं घालायचं नाही, काही गाळायचंही नाही. ती शपथ मी पाळली, आणि ती पाळताना दोन गोष्टींबद्दल गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून खुपतं. म्हणून हे पत्र.

खटला खुनाचा होता. कोर्ट कोणतं, साल कोणतं, वकील कोण, हे मी लिहीत नाही. कुणा एकाला चव्हाट्यावर आणण्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही. होळीच्या आधी आमच्याकडे भोंगऱ्याचा बाजार भरतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. अशाच एका बाजारात संध्याकाळी प्यालेल्या दोन टोळक्यांची मारामारी झाली, आणि ती सोडवायला मध्ये पडलेला शेव-जिलेबीचा एक दुकानदार जिवानिशी गेला. तो खालच्या गावचा होता, अहिराणी बोलणारा. फिर्यादीत पाच नावं लागली. चौघे दुसऱ्या दिवशी सापडले. पाचवा माझा जुना विद्यार्थी. तो रातोरात डोंगर उतरून गेला तो अडीच वर्षं परत आला नाही. कागदोपत्री तो फरार. चौघांचा खटला चालला, दोघांना जन्मठेप लागली, दोघे सुटले. त्यानंतर हा गुजरातेत ऊसतोडीच्या एका पडावावर सापडला आणि त्याचा खटला वेगळा चालला. दोन्ही खटल्यांत दुभाषा मीच होतो.

सगळे साक्षीदार झाले की न्यायाधीश आरोपीला एकेक मुद्दा विचारतात. अमक्या साक्षीदारानं असं सांगितलं, तुमचं म्हणणं काय? जुन्या कायद्यात ते ३१३ कलम होतं, आता ३५१ आहे. मी प्रश्न पावरीत सांगत होतो, तो उत्तर देत होता, मी ते मराठीत सांगत होतो. चार-पाच प्रश्न झाल्यावर तो आवाज खाली करून मला म्हणाला, "गुरुजी, या काळ्या कोटवाल्यांतला माझा कोणता?"

ते कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नव्हतं. म्हणून मी ते न्यायाधीशांना सांगितलं नाही. ही पहिली गोष्ट.

दुसरी त्याच्या आधीची आहे. ज्याच्या साक्षीवर सगळा खटला उभा होता तो साक्षीदार पावराच होता, त्यामुळे त्याचाही शब्दन्‌ शब्द माझ्या तोंडून मराठीत गेला. चौघांच्या खटल्यात त्यानं सांगितलं होतं की या पाचव्याच्या हातात काठी होती. या खटल्यात त्यानं कुऱ्हाड सांगितली. काठी आणि कुऱ्हाड यांना पावरीतही वेगळेच शब्द आहेत, त्यात माझी गफलत होण्यासारखं काही नव्हतं. पहिली साक्ष त्याच इमारतीतल्या रेकॉर्ड रूममध्ये पडून होती. अर्ज केला असता तर नक्कल मिळाली असती. वकिलांनी ती मागवलीच नव्हती. सरकारी खर्चानं नेमलेले वकील होते ते. त्यांचं वकीलपत्र दाखल झालं त्याच दिवशी पहिला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला. डॉक्टरांना एकही प्रश्न विचारला गेला नाही. पंचांना नाही. रोजनाम्यात 'उलटतपास नाही' एवढीच नोंद पडली. त्या मुख्य साक्षीदाराला मोजून पाच प्रश्न झाले आणि पाचही एकाच साच्याचे: तुम्ही खोटं सांगता हे खरं आहे काय? खरं नाही. काठीची कुऱ्हाड कशी झाली हे विचारणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. मला माहीत होतं, पण दुभाष्याला मध्येच साक्ष देता येत नाही.

जन्मठेप झाली. तुरुंगातून अपील गेलं, आणि वरच्या कोर्टानं शिक्षा रद्द केली. तो निर्दोष आहे असं म्हणून केली नाही. वकील नावापुरता होता, बचाव झालाच नाही, म्हणून केली, आणि खटला पुन्हा चालवायला परत पाठवला. तोवर सहा वर्षं गेली होती. दरम्यान एक साक्षीदार वारला.

माझ्या विद्यार्थ्यानं तो वार केला की नाही, हे मला माहीत नाही. वर्गात तो कसा होता ते मला माहीत आहे, पण त्यावरून त्या संध्याकाळचं काही ठरत नाही. शिक्षा रद्द झाल्याचं कळल्यावर मी दोन घरी गेलो. त्याच्या आईकडे गेलो, आणि त्या जिलेबीवाल्याच्या बायकोकडेही गेलो. तिनं मला पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि मग म्हणाली, "एकदाव निकाल लागना व्हता ना गुरुजी. आते परत? आते आम्ही कोनाकडे देखानं?" मला उत्तर देता आलं नाही. आरोपीचा वकील कमी पडला तर पीडिताच्या घरचं काय जातं, हे मला त्या ओट्यावर बसून कळलं. सहा वर्षांपूर्वीच नीट उलटतपास झाला असता, तर त्या बाईला जो काही निकाल मिळाला असता तो टिकला असता.

हे सगळं आता लिहिण्याचं कारण कायद्यात झालेला बदल आहे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि तिच्यात ३५६ कलम आहे. पूर्वी आरोपी फरार असला तर साक्षी नोंदवून ठेवता यायच्या, पण खटला त्याच्या सापडण्याची वाट पाहत थांबायचा. आता खुनासारख्या गंभीर गुन्ह्यात आरोपी रीतसर फरार घोषित झाला आणि नजीकच्या काळात तो सापडण्याची शक्यता नसली, तर त्याच्या गैरहजेरीत पूर्ण खटला चालतो, निकाल लागतो, शिक्षाही होते. त्याआधी काय करायचं ते कलमात लिहिलं आहे. दोषारोप ठेवल्यावर नव्वद दिवस थांबायचं. किमान तीस दिवसांच्या अंतरानं लागोपाठ दोन वॉरंट काढायची. त्याचा शेवटचा पत्ता जिथला, तिथल्या दैनिकात नोटीस द्यायची की तीस दिवसांत हजर हो, नाहीतर तुझ्यावाचून खटला सुरू होईल. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं. घराच्या दर्शनी भागावर आणि पोलीस ठाण्यात नोटीस चिकटवायची. त्याचा वकील नसेल तर सरकारी खर्चानं वकील द्यायचा.

आणि पुढे असं आहे की शिक्षा झाल्यावर तो स्वतः अपिलाच्या कोर्टात हजर झाल्याशिवाय अपील चालणार नाही, आणि निकालाला तीन वर्षं उलटली की अपीलच करता येणार नाही.

मी वकील नाही, त्यामुळे ही तरतूद असावी की नसावी यावर मी बोलणार नाही. मोठे आरोपी परदेशात पळतात आणि इथे खटले वर्षानुवर्षं कुजतात, याचा राग मलाही येतो. पण हे कलम मुंबई-दिल्लीइतकंच धडगावलाही लागू आहे. आणि आमच्याकडे फरार म्हणजे कोण, हे आपण प्रत्यक्ष येऊन पाहावं अशी माझी विनंती आहे.

दसरा-दिवाळी झाली की सातपुड्यातले पाडे रिकामे होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको, कडेवरचं मूल, कोंबड्या, भांडी, सगळं ट्रकमध्ये. बारडोली, मढी, चलथाण हे शब्द आमच्या पोरांना नंदुरबारच्या आधी माहीत होतात. शाळेच्या हजेरीपटावर नोव्हेंबरनंतर गैरहजेरीच्या खुणा पडत जायच्या, त्या होळीपर्यंत. या दिवसांत पोलीस पाड्यावर आले तर त्यांना काय दिसणार? घराला काटेरी फांदी आडवी लावलेली आणि म्हातारी बाहेर बसलेली. 'मिळून आला नाही' असा शेरा पडतो. तो खोटा नसतो. पण मिळून न येणं आणि कायद्याला चुकवून पळणं यांतला फरक त्या शेऱ्यात मावत नाही. वर तीन राज्यांच्या सीमा इथे भिडलेल्या. खेतियाच्या बाजाराला गेला तो मध्य प्रदेशात, निझरला सोयरीक असली तर गुजरातेत. माणूस रोज राज्य ओलांडतो आणि त्याला ते जाणवतही नाही.

माझा विद्यार्थी मात्र खरोखर पळाला होता, हे मी लपवत नाही. का पळालास असं मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, पोलिसांची गाडी आली की आम्ही पळतोच, काही केलेलं असो वा नसो. माझ्या नोकरीच्या काळात शाळेच्या आवारात साध्या कामासाठी जीप आली, तरी मोठी मुलं मागच्या नाल्यात उतरायची. हे सर्वोच्च न्यायालयाला माहीत नाही असं नाही. १९७१ सालीच त्या न्यायालयानं म्हटलं आहे की नुसतं फरार होणं म्हणजे गुन्ह्याची कबुली होत नाही, निर्दोष माणूसही घाबरून पळू शकतो.

आता त्या नोटिशीचं पाहा. दैनिक वृत्तपत्र त्या पाड्यावर जात नाही. गेलं तरी वाचणारा बारडोलीला आहे. घरावर चिकटवलेला कागद म्हातारी जपून ठेवते, कारण त्यावर शिक्का असतो. माझ्या विद्यार्थ्याच्या आईनं असे सगळे कागद खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आढ्याला टांगून ठेवले होते. मी गेलो तेव्हा तिनं पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, यात काय लिहिलंय? त्यातला एक कागद चार वर्षांपूर्वीचा होता. कायद्यानं सांगितलेलं सगळं झालेलं होतं, आणि त्या घरात कुणाला काहीच कळलेलं नव्हतं.

म्हणजे उद्या अशा माणसाचा खटला त्याच्यामागे चालला तर त्याच्या बाजूनं कोर्टात एकच गोष्ट असेल, आपण नेमलेला वकील. माझ्या विद्यार्थ्याला निदान विचारता तरी आलं की माझा कोणता. रिकामा पिंजरा तेही विचारणार नाही. काठी होती की कुऱ्हाड, बाजारात तो कुठे उभा होता, त्याच्याबरोबर कोण होतं, हे सांगायला तो तिथे नाही. जे शोधायचं ते वकिलानंच शोधायचं आहे.

वकील असणं आणि बचाव होणं यांत किती अंतर पडू शकतं, याची उदाहरणं वकील मंडळींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. तरी आपल्या शेजारचं एक सांगतो. भुसावळहून गाडीत बसलं की बऱ्हाणपूरच्या पुढे खंडवा लागतं. तिथे २०१३ च्या जानेवारीत नऊ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. लोक संतापलेले होते, आणि तो संताप रास्त होता. दोषारोप ठेवले त्याच दिवशी आरोपीला वकील नेमून दिला आणि दोन आठवड्यांच्या आत खटला संपवून फाशी दिली. उच्च न्यायालयानं ती कायम केली. १८ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली, कारण वकिलाला कागद वाचायलाही वेळ मिळालेला नव्हता. खटला पहिल्यापासून चालवा असा आदेश झाला. दुसऱ्यांदा फाशी झाली, तीही वरच्या कोर्टात टिकली नाही, आणि २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षं तो तुरुंगात होता. त्या मुलीच्या आईवडिलांना अकरा वर्षांनी काय मिळालं? आपलं लेकरू कुणी मारलं याचं उत्तरही नाही.

त्या २०१९ च्या निकालात न्यायालयानं काही गोष्टी ठरवून दिल्या आहेत. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात किमान दहा वर्षं वकिली केलेलाच वकील नेमावा. त्याला तयारीला पुरेसा वेळ द्यावा, साधारणपणे सात दिवसांहून कमी नको. आरोपीला भेटून बोलण्याची मुभा द्यावी. डिसेंबर २०२४ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं उत्तर प्रदेशातल्या एका खून खटल्यात हेच पुन्हा सांगितलं, आणि आरोपीला वकील नसेल तर ते कोर्टाच्या लक्षात आणून देणं हे सरकारी वकिलाचंही कर्तव्य आहे, असं म्हटलं. दिल्लीत १९९७ साली बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. त्या खटल्यात ६५ साक्षीदारांपैकी ५६ जणांच्या साक्षी आरोपीला वकील नसताना झाल्या होत्या. फाशी रद्द झाली, पुन्हा खटला झाला, आणि तो सुटला. ज्या माणसाबद्दल कुणालाही कळवळा वाटणार नव्हता त्या कसाबच्या निकालातही २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं आहे की आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं जातं तेव्हाच, तुला वकील मिळण्याचा हक्क आहे, हे त्याला सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

अजिंठ्याच्या डोंगराखाली भोकरदनचा खटला झाला, तोही विसरता येत नाही. २००३ च्या जूनमधला दरोडा, खून आणि अत्याचार. भटक्या जमातीतले सहा मजूर आरोपी. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली होती. मग २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाखांची भरपाई द्यायला लावली. त्या घरात जिवंत राहिलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. ही गोष्ट कागदांतच होती. सोळा वर्षं ती कागदांतच राहिली.

'पळून गेलेल्याचे एवढे लाड कशाला', असं मला माझ्याच घरच्या ओट्यावर ऐकवलं गेलं आहे. त्यांना मी अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. फिलाडेल्फियातला आयरा आइनहॉर्न हा बोलका, वजनदार माणसांत ऊठबस असलेला गृहस्थ. १९७९ साली त्याच्या घरात त्याच्या मैत्रिणीचं प्रेत पेटीत सापडलं. खटला उभा राहण्याआधी १९८१ मध्ये तो युरोपात पळाला. १९९३ मध्ये त्याच्यामागे खटला चालवून त्याला जन्मठेप दिली. १९९७ मध्ये तो फ्रान्समध्ये सापडला, पण त्याला बोलू न देता झालेली शिक्षा मान्य करून त्याला परत पाठवायला फ्रान्सचं कोर्ट तयार होईना. शेवटी पेनसिल्व्हेनिया राज्याला १९९८ मध्ये वेगळा कायदा करावा लागला की अशा माणसाला नव्यानं खटला मागता येईल. २००१ मध्ये तो परत आला, २००२ मध्ये ज्यूरीसमोर त्याचा पूर्ण खटला झाला, त्यानं स्वतः साक्ष दिली, आणि पुन्हा जन्मठेप झाली. ती टिकली. तुरुंगातच तो मेला. नीट खटला दिला म्हणून खुनी सुटला, असं झालं नाही. त्या मुलीच्या घरच्यांना मात्र आधीच्या घाईमुळे नऊ वर्षं जास्त थांबावं लागलं.

आता माझं मागणं सांगतो.

आपल्या लोकअभिरक्षक कार्यालयांत गरीब आरोपींच्या बचावासाठी पगारी, पूर्णवेळ वकील आहेत, ही जुन्या व्यवस्थेपेक्षा फार चांगली गोष्ट झाली आहे. मुख्य लोकअभिरक्षकाला किमान दहा वर्षांचा फौजदारी अनुभव लागतो. तर गैरहजर आरोपीचं प्रकरण त्याच टेबलावर जावं. आरोपी विचारायला येणार नाही, तक्रार करणार नाही, म्हणून ते नवख्या सहायकाकडे सरकवण्याचा मोह होईल. कामाचा बोजा मला दिसतो, पण हे एक प्रकरण खाली सरकू नये.

वकिलानं पाड्यावर जावं. यावर मी अडून बसणार आहे, कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे. जाण्यायेण्याचा खर्च प्राधिकरणानं द्यावा आणि गेल्याची नोंद फाइलला लावावी. म्हातारीच्या आढ्याला टांगलेली ती पिशवी वकिलानं स्वतः उघडून पाहिली पाहिजे. मुकादमाचं नाव कारभाऱ्याला माहीत असतं, पोलीस पाटलाला माहीत असतं. गाडी कोणत्या दिवशी भरली, उचल कधी घेतली, हे मुकादमाच्या वहीत असतं. अर्ध्या वेळा तो फरार माणूस कुठल्या पडावावर आहे, हे त्याच्या चुलतभावाला माहीत असतं. पोलिसांना तो सांगणार नाही, पण तुझ्या बाजूनं बोलायला आलोय असं म्हणणाऱ्याला कदाचित सांगेल. आणि तो माणूस वकिलाच्या सांगण्यावरून स्वतः येऊन कोर्टात हजर झाला, तर याहून चांगलं दुसरं काय हवं? कलमात तशी सोय आहे. खटला चालू असताना तो आला, तर त्याच्या मागे झालेला पुरावा तपासण्याची परवानगी कोर्ट देऊ शकतं. शब्द 'देऊ शकतं' असा आहे, द्यावीच असा नाही. ती मागायलाही वकीलच लागेल.

दुभाष्यांची यादी करा. पावरी, भिली, मावची, आणि अहिराणीसुद्धा. शहरातल्या वकिलाला अहिराणी कळते असं सगळे गृहीत धरतात, पण घाबरलेल्या बाईची घाईघाईनं बोललेली अहिराणी मी भल्याभल्यांना निसटताना पाहिली आहे. सध्या दुभाषा कोर्टासाठी असतो. वकिलाला अशिलाशी, त्याच्या घरच्यांशी बोलण्यासाठी वेगळा दुभाषा मिळायला हवा, खटल्याच्या आधी. माझ्या विद्यार्थ्याशी त्याच्या वकिलांचं एकदाही पूर्ण वाक्य बोलणं झालं नव्हतं. ते मराठी बोलत होते, तो मान हलवत होता.

गैरहजेरीत शिक्षा झालीच, तर तीन वर्षांच्या मुदतीचा कागद घरी जावा, आणि तो कुणीतरी त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा. प्राधिकरणाचे गावोगावी विधी स्वयंसेवक आहेत. कायदेविषयक शिबिरात त्यांचे सत्कार होतात, तेही व्हावेत, पण हे काम त्याहून मोलाचं आहे.

वकील संघांना माझं एकच सांगणं आहे. एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर, या आरोपीचं वकीलपत्र कुणीही घेणार नाही, असे ठराव देशात ठिकठिकाणी होतात. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं असे ठराव बेकायदा आणि शून्यवत ठरवले आहेत. लोकांचा दबाव काय असतो ते मला कळतं. त्याच गावात मुलंबाळं घेऊन राहायचं असतं. पण आपण वकीलपत्र नाकारलं तर ते अशा कुणाच्या तरी हाती पडतं ज्याला ते नको असतं, आणि मग रोजनाम्यात 'उलटतपास नाही' अशा ओळी पडत जातात.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी बोलत आणि साने गुरुजी ते शब्दन्‌ शब्द लिहून घेत. बंद्याचं बोलणं नीट ऐकून नीट लिहून घेतलं गेलं, ते याच खान्देशात. मी शाळेत हा प्रसंग मुलांना दरवर्षी सांगायचो. माझा तो विद्यार्थी पहिल्या रांगेत बसून ऐकायचा.

फाल्गुनात ऊसतोडीच्या गाड्या परत येतात. काठी गावची होळी असो की एखाद्या पाड्याची, तेव्हा माणूस कुठेही असला तरी घरी येतो, अंगावर खटला असलेलाही येतो. तिन्ही जिल्ह्यांच्या पोलिसांकडे घोषित फरारींची यादी असते. येत्या होळीच्या आठवड्यात आपला एक वकील आणि एक दुभाषा त्या यादीतल्या सातपुड्यातल्या घरी जावेत. भोंगऱ्याच्या बाजारात विधी सेवेचं एक टेबल लागावं आणि माईकवरून पावरीत सांगितलं जावं की अमक्या-अमक्या खटल्यांत नोटिसा निघाल्या आहेत, वकील फुकट मिळेल, १५१०० हा नंबर आहे. टेबल मांडायला जागा मी मिळवून देतो. पावरीत बोलायला मी येईन. पहिल्या दिवशी टेबलाजवळ कुणी फिरकणार नाही. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या बाया येतील, हातात पिशव्या घेऊन.

आपला नम्र,
सातपुड्यातला एक निवृत्त शिक्षक